मद्यातील उष्मांक आणि ताटातील भाकरी
(आकाशवाणीवरील भाषणाचा मजकूर)



काही दिवसांपूर्वी आमच्या शाळेत नववीच्या वर्गाला मी आहाराचा धडा शिकवीत होतो. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून चार उष्मांक मिळतात, एक ग्रॅम प्रथिनांपासूनही चारच, आणि स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमपासून नऊ, हे आकडे फळ्यावर लिहून झाले होते. तेवढ्यात मागच्या बाकावरील एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "सर, दारूत किती असतात?" वर्ग हसला. मी "सात" असे सांगून पुढे जाणार, तोच त्याने दुसरा प्रश्न केला, "मग दारू पिणारा माणूस जाड का होत नाही, सर? वाळतो का?" या वेळी वर्ग हसला नाही. मुलगा निपाणीकडचा. त्याची आई विड्या वळते, एवढे मला ठाऊक होते. वडिलांविषयी तो कधी बोलला नव्हता आणि मीही कधी विचारले नव्हते.

घंटा झाली आणि मी सुटलो. जाता जाता, "दारू वाईटच, तिच्या वाटेला जाऊ नये," असे काहीसे मोघम उत्तर मी दिले. ते उत्तर पुढे कित्येक दिवस मला टोचत राहिले. मुलाने विचारले होते शास्त्र, आणि मी दिला होता उपदेश. त्याचा प्रश्न बिनतोड होता. उष्मांक म्हणजे इंधन, आणि इंधन शिल्लक उरले म्हणजे शरीरात चरबी साठते, हे मीच पाच मिनिटांपूर्वी शिकविले होते. मग ज्या पदार्थात पिठाच्या पावणेदोन पट इंधन आहे, तो पदार्थ रोज पोटात घालणारा मनुष्य वाळावा का?

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. बेळगावात माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. कचेरीतील बैठे काम, संध्याकाळी दोन पेले आणि त्यानंतर घरचे पोटभर जेवण, असा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम आहे. दर दिवाळीला त्यांना कमरेचा पट्टा नवा घ्यावा लागतो. त्यांच्याकडे पाहावे तर दारूने माणूस फुगतो, आणि त्या मुलाच्या गल्लीत जाऊन पाहावे तर दारूने माणूस वाळतो. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकाच कारणातून निघतात. ते कारण आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. त्या मुलाचे माझ्याकडे राहिलेले देणे म्हणा हवे तर.

प्रथम हिशेब करू. व्हिस्की, रम, ब्रँडी या नावांनी आपल्याकडे जी दारू विकली जाते, तिच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के असा आकडा बारीक अक्षरांत असतो. याचा अर्थ शंभर मिलिलिटर दारूत जवळजवळ ४३ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क. मद्यार्क पाण्याहून हलका. त्याच्या एका मिलिलिटरचे वजन सुमारे ०.७९ ग्रॅम भरते. ज्या १८० मिलिलिटरच्या बाटलीला लोक क्वार्टर म्हणतात, तीत ७७ मिलिलिटर म्हणजे सुमारे ६१ ग्रॅम मद्यार्क असतो. त्याला साताने गुणले की सव्वाचारशे उष्मांक होतात. कर्नाटकात ९० मिलिलिटरचा टेट्रा पॅक मिळतो, त्यात याच्या निम्मे. बियर सौम्य समजली जाते, परंतु तिची बाटली मोठी असते. आठ टक्क्यांची कडक बियर ६५० मिलिलिटर घेतली, तर मद्यार्काचे आणि त्यातील धान्याच्या शर्करेचे मिळून साडेतीनशेच्या आसपास उष्मांक सहज होतात. चोर्ला घाटाच्या पलीकडून पाहुण्यांबरोबर येणारी काजूची फेणी व्हिस्कीइतकीच कडक असते, हेही येथेच सांगून टाकतो. ती सर्दीवरचे औषध आहे असे आमच्या नातेवाइकांपैकी पुष्कळांचे ठाम मत आहे. सर्दी वर्षातून तीनशे दिवस असते, एवढाच त्यात दोष.

शाळेतील मुलांना मी बिस्किटांच्या पुड्यावरील मजकूर वाचावयास लावतो. उष्मांक किती, प्रथिने किती, साखर किती, हे सर्व तेथे छापलेले असते. पाच रुपयांच्या पुड्यावर ही माहिती द्यावी लागते, मात्र दारूच्या बाटलीवर मद्यार्काची टक्केवारी आणि आरोग्यविषयक इशारा यांपलीकडे बहुधा काही आढळत नाही. म्हणून हा हिशेब आपला आपणच करावा लागतो.

आता हे सव्वाचारशे उष्मांक कशाशी तोलावयाचे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांच्या गरजांचे जे कोष्टक प्रसिद्ध केले, त्याप्रमाणे ६५ किलो वजनाच्या बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २,११० उष्मांक लागतात, आणि तेवढ्याच वजनाच्या जड अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला ३,४७०. म्हणजे कचेरीतील गृहस्थाने क्वार्टर रिचविली तर त्याच्या दिवसाच्या गरजेचा पाचवा हिस्सा तेथेच भरला. पोते उचलणाऱ्या मजुराच्या बाबतीत तो आठवा हिस्सा होतो. दुसरे माप भाकरीचे. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक मोठी भाकरी धरली, तर तिच्यात ३३५ ते ३५० उष्मांक असतात. तेव्हा इंधनाच्या दृष्टीने एक क्वार्टर म्हणजे सव्वा भाकरी. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढील सर्व गोष्ट या सव्वा भाकरीभोवतीच फिरते.

हे उष्मांक खरोखरीच शरीराच्या उपयोगी पडतात की नुसतेच कागदावर राहतात, ही शंका शंभर वर्षांपूर्वीच्या विद्वानांनाही होती. अमेरिकेत मिडलटाउन येथील वेस्लियन विद्यापीठात विल्बर अ‍ॅटवॉटर नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. अन्नाच्या उष्मांकांची जी कोष्टके आज जगभर वापरली जातात, त्यांचा पाया त्यांनीच घातला. मनुष्य आत बसून काही दिवस राहू शकेल अशी एक बंदिस्त खोली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधली. आत जाणारी हवा, बाहेर येणारी हवा, अन्न, मलमूत्र आणि अंगातून निघणारी उष्णता या सर्वांचे मोजमाप तेथे होत असे. आत बसलेल्या माणसाला काही दिवस अन्नातील थोडी साखर आणि चरबी कमी करून त्याऐवजी सुमारे ७२ ग्रॅम मद्यार्क, म्हणजे आपल्या क्वार्टरहून थोडा अधिक, दिवसभरात विभागून देण्यात आला. १९०२ साली या प्रयोगांचा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्यात दिसून आले, की शरीराने शेकडा ९८हून अधिक मद्यार्क जाळून टाकला आणि त्याची ऊर्जा साखरेच्या व चरबीच्या ऊर्जेची जागा घेऊ शकली. अ‍ॅटवॉटर हे धर्मोपदेशकाचे पुत्र. तरीही मद्यपानाविरुद्ध चळवळ करणारे लोक त्यांच्यावर तुटून पडले, आणि दारूच्या व्यापाऱ्यांनी त्यांचे नाव आपल्या जाहिरातींत वापरले. मद्यार्क शरीराला इंधन देतो, परंतु त्यातून शरीराचा एक कणही बांधला जात नाही, हे त्यांचे दुसरे वाक्य दोन्ही पक्षांनी सोयीस्कररीत्या ऐकले नाही. माझ्या समजुतीप्रमाणे सगळे मर्म त्या दुसऱ्या वाक्यात आहे.

आता बेळगावच्या गृहस्थांकडे वळू. आपले शरीर साखर साठवू शकते आणि चरबी तर वाटेल तितकी साठवू शकते. मद्यार्क साठविण्याची जागा मात्र शरीरात नाही. शिवाय तो एक प्रकारचे विषच असल्याने त्याला लवकर घालवून देणे भाग असते. म्हणून तो रक्तात आला की यकृत हातातील इतर काम बाजूला ठेवून आधी त्याच्या मागे लागते. सामान्य माणसाचे यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम मद्यार्क निकालात काढते. म्हणजे क्वार्टरचा निकाल लावण्यास सहा ते नऊ तास हवेत. या सगळ्या वेळात जेवणातून आलेले तूप, तेल, मटणातील चरबी यांना जाळण्यास कोणी मोकळा नसतो. बिनबोलावता आलेला पाहुणा आधी वाटेला लावावा लागतो, आणि घरची माणसे ओसरीवर ताटकळतात, तसा हा प्रकार. ताटकळलेली चरबी साठ्यात जाऊन पडते. काही यकृतातच साठते, कारण मद्यार्क जाळताना यकृतातील रासायनिक तोल असा काही ढळतो की तेथे चरबी तयार होण्यास उत्तेजनच मिळते. तेव्हा दारूची चरबी होते असे जे आपण म्हणतो, ते तितकेसे अचूक नाही. दारू जळते, आणि तिच्या आडोशाने जेवणाची चरबी साठते.

त्यात आणखी भर चकण्याची. तळलेले शेंगदाणे, शेव, भजी यांच्याविना बैठक होत नाही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक उष्मांक असतात. चार भाकऱ्या खाल्ल्या तर पोट भरल्याची जाणीव होते, हात आपोआप थांबतो. प्यालेल्या उष्मांकांनी ती जाणीव होत नाही, उलट पहिल्या पेल्याने भूक चाळवते. शिवाय माणूस त्या वेळी मोजून खाण्याच्या मनःस्थितीत नसतो. आमचे गृहस्थ म्हणतात, "मास्तर, मी रात्री भात सोडला आहे." सोडला असेल, मी नाही म्हणत नाही. परंतु त्या भाताच्या दुप्पट त्यांनी जेवणापूर्वीच आटोपलेले असते.

आता निपाणीकडे जाऊ. तेथील मजूर तंबाखूच्या वखारीत किंवा हमालीत दिवसभर राबतो. त्याला ३,४७० उष्मांकांची गरज आहे. एवढे अन्न त्याला मुळातच रोज मिळते असे नाही. संध्याकाळी अंग ठणकत असते, आणि पहिल्या घोटाबरोबर तो ठणका कमी होतो, हे खरे. मद्याने वेदनेची जाणीव बोथट होते. थंडीपावसात ऊब आल्यासारखी वाटते, कारण कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. प्रत्यक्षात त्या वाटेने शरीराची उष्णता बाहेर जात असते. जठराला दारूचा दाह झालेला, डोके जड झालेले, अशा स्थितीत तो घरी येतो आणि ताट बाजूला सारतो किंवा अर्धी भाकरी कशीबशी गिळतो. बेळगावच्या गृहस्थांनी जेवणावर दारू चढविली होती. येथे जेवणाच्या जागी दारू आली. सारा फरक येथेच आहे.

सव्वा भाकरीच्या जागी क्वार्टर आली, तर उष्मांकांचा जमाखर्च कागदावर बरोबर जुळतो. पण त्या सव्वा भाकरीत बारा ग्रॅम प्रथिने होती, लोह होते, ब वर्गातील जीवनसत्त्वे होती. तिच्याबरोबर डाळीचे कालवण आले असते, पालेभाजी आली असती, चिमूटभर शेंगदाण्याची चटणी आली असती. क्वार्टरमध्ये यांपैकी काहीही नाही. गुंजभरसुद्धा नाही. स्नायू झिजतात ते रोजच झिजतात, आणि त्यांची डागडुजी प्रथिनांनीच होते. प्रौढ पुरुषाला दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम प्रथिने लागतात. ती मिळाली नाहीत तर शरीर स्वतःचे मांस मोडून खर्च भागविते. दंड आणि मांड्या बारीक होत जातात, गालफडे बसतात. त्या मुलाने "वाळतो" हा जो शब्द वापरला, तो वैद्यकाच्या दृष्टीनेही नेमका आहे.

याहूनही एक चमत्कारिक गोष्ट १९७२च्या सुमारास न्यूयॉर्कमधील चार्ल्स लीबर आणि त्यांचे सहकारी पिरोला यांनी दाखवून दिली. आहारातील पिष्टमय पदार्थ काढून घेऊन तितक्याच उष्मांकांचा मद्यार्क दिला, तर हिशेब बरोबर असूनही माणसाचे वजन उतरते. नेहमीच्या पूर्ण आहारावर रोज दोन हजार उष्मांकांचे चॉकलेट वरून दिले, तेव्हा वजन भराभर चढले. तितक्याच उष्मांकांचा मद्यार्क दिला, तेव्हा ते तसे चढले नाही. पुष्कळ आणि सतत पिणाऱ्याच्या यकृतात मद्यार्क जाळण्याची एक दुसरी वाट उघडते, आणि तिच्यातून बरीच ऊर्जा नुसत्या उष्णतेच्या रूपाने वाया जाते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. चुलीत लाकूड घालावे आणि भांड्याऐवजी भिंतच तापावी, असे काहीसे. थोडे पिणाऱ्याला ही सवलत नाही, हे बेळगावच्या मंडळींनी ध्यानात घ्यावे.

जे थोडेफार अन्न पोटात जाते तेही नीट अंगी लागत नाही. आतड्याचे अस्तर बिघडते, स्वादुपिंडाला सूज येते आणि चरबी पचविणारे स्राव कमी पडतात. फोलेट नावाचे जीवनसत्त्व कमी पडून रक्त पातळ होते, जस्त आणि मॅग्नेशियम लघवीवाटे निघून जातात. हा सगळा तपशील आज सांगत बसत नाही. एका जीवनसत्त्वाविषयी मात्र थांबून बोलले पाहिजे, कारण त्याच्या अभावी माणूस हातचा जातो.

ते म्हणजे ब-१ अथवा थायमिन. साखर जाळून तिची शक्ती करण्याच्या कामी ते लागते आणि मेंदूला तर त्याच्यावाचून चालतच नाही. धान्याच्या वरच्या सालीत ते असते. जावा बेटात आइकमान नावाच्या डच डॉक्टरांनी पांढरा सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंडा घातला की बऱ्या होतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाहिले. पुढे १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशातील पोषणसंशोधनाचा आरंभही याच रोगाच्या निमित्ताने झाला. १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरीच्या तपासासाठी एक लहानशी प्रयोगशाळा काढली. तीच १९५८ साली हैदराबादला गेली, आणि मघाशी जिच्या कोष्टकाचा आधार घेतला ती राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच.

शरीरातील थायमिनची शिल्लक जेमतेम दोन-तीन आठवडे पुरते. भाकरी सुटलेली आणि दारू चालू, अशा माणसात ती संपते. मग त्याचा तोल जाऊ लागतो, डोळे भिरभिरतात किंवा एकाला दोन दिसतात, बोलणे भ्रमिष्टासारखे होते. जर्मनीत कार्ल वेर्निके यांनी १८८१ साली या विकाराचे वर्णन केले. आता असे पाहा, की तोल जाणे आणि असंबद्ध बोलणे ही तर दारू चढल्याचीच लक्षणे आपण समजतो. म्हणून घरचे म्हणतात, "झोपू द्या, उतरेल सकाळी." ती कधी कधी उतरत नाही. वेळीच थायमिन टोचले तर मेंदू सावरतो. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाते. आणखी एक गोष्ट घरच्या माणसांनी पदराला गाठ मारून ठेवावी. अशा रोग्याला केवळ अशक्तपणा आहे असे समजून नुसते ग्लुकोजचे सलाइन लावले, तर उरलेसुरले थायमिन त्या साखरेच्या ज्वलनात संपून प्रकृती एकाएकी बिघडू शकते. म्हणून दवाखान्यात गेल्यावर लाजेने पिण्याची गोष्ट लपवू नये. किती वर्षे पितो, कधीपासून जेवत नाही, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. ते आधी थायमिन देतील.

उपाशी पोटी प्यालेल्या माणसाचे दुसरे संकट रक्तातील साखरेचे. आपण जेवलो नाही तर यकृत साखर तयार करून रक्तात सोडते. मद्यार्काच्या मागे लागलेल्या यकृताला ते काम जमत नाही. साखर उतरते, दरदरून घाम सुटतो, माणूस निपचित पडतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने रिकाम्या पोटी दोन पेले घेतले, तर हा धोका कितीतरी वाढतो. येथेही वास येतो तो दारूचाच, आणि दोषही तिच्याच माथी मारून त्याला निजू दिले जाते. हाक मारून जागा होत नसेल तर सकाळची वाट पाहू नये. त्याला कुशीवर वळवून थेट रुग्णालय गाठावे.

वाळलेल्या माणसाचे पोट काही वर्षांनी वाढू लागते. मी एके ठिकाणी शेजाऱ्यांना म्हणताना ऐकले आहे, की आता जरा अंगी लागलेले दिसते. हात-पाय काड्यांसारखे, आणि पोट तेवढे नगाऱ्यासारखे. ते मांस नव्हे आणि चरबीही नव्हे. यकृत कठीण होऊन निकामी झाले म्हणजे पोटात पाणी साठते, त्याला जलोदर म्हणतात. वजनकाटा येथे साफ खोटे सांगतो. शरीर झिजत असते आणि पाण्यामुळे काट्यावरील आकडा चढत असतो.

येथवर एका माणसाच्या शरीराचा हिशेब झाला. पण ती सव्वा भाकरी एकट्याच्याच ताटातून गेलेली नसते. निपाणीकडील घरांत आई हजारावर विड्या वळून जो पैसा मिळविते, त्यावर घराचे पीठ-मीठ चालते. बापाचा पैसा वाटेतच संपला की त्या पिठात पाणी वाढते. डाळ पातळ होते, मग अंडे जाते, मग दूध जाते, आणि मुलगा चहा-पावावर शाळेत येतो. पहिल्या तासाला पेंगणारी मुले मी वीस वर्षे पाहत आलो आहे. त्यांना ओरडू नये, हे शिकावयास मला त्यांतील पुष्कळ वर्षे लागली. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. एका क्वार्टरच्या किमतीत किती अंडी येतात, हा त्रैराशिकाचा हिशेब मी वर्गात मुद्दाम घालीत नाही. काही मुलांना तो घरीच पाठ असतो.

सगळेच पुरुष पितात हा समज मात्र खरा नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी शेकडा एकोणीस मद्य घेतात असे आढळले. म्हणजे पाचांतील चार घेत नाहीत. बायकांचे प्रमाण शेकडा एकाच्या जवळपास होते, आणि झळ मात्र त्यांनाच अधिक. कायद्याचेही आपल्या भागात पुष्कळ प्रयोग झाले. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, तेव्हा १९४९चा दारूबंदी कायदा येथेही लागू होता. १ जुलै २००७ पासून कर्नाटकाने अरॅक बंद केली. अरॅकची पिशवी गेली आणि तिच्या जागी स्वस्त व्हिस्कीचा टेट्रा पॅक आला. यकृताला दोहोंतील फरक कळत नाही.

मी स्वतः ख्रिस्ती घरातला. लग्नाच्या मांडवात वधूवरांसाठी पेला उंचावणे आमच्यात निषिद्ध नाही. तेव्हा उंच आसनावरून बोलण्याचा अधिकार मला नाही. पण आमच्यात ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो, तसा हिंदू बांधवांचा श्रावण. पुष्कळ पिणारे या दिवसांत पेला बाजूला ठेवतात. श्रावणापूर्वी गटारी आणि उपवासकाळापूर्वी गोव्यातील कार्निव्हल, असा आगाऊ वसुलीचा प्रकारही दोन्हीकडे सारखाच आहे, ते असो. या दिवसांत बैठे काम करणाऱ्याचे वजन दोन-तीन किलोंनी उतरलेले मी पाहिले आहे. रोजची क्वार्टर गेली तर महिन्याचे पावणेतेरा हजार उष्मांक वाचतात, आणि एक किलो चरबीत सुमारे ७,७०० असतात. कागदावर हे दीड किलोहून अधिक भरते, त्याखेरीज चकणाही सुटलेला असतो. ज्यांचे वजन उतरत नाही, त्यांनी संध्याकाळच्या त्या वेळी पेल्याऐवजी साबुदाणा किंवा कुंदा धरलेला असतो.

रोज आणि पुष्कळ पिणाऱ्याने मात्र असे एकाएकी, आपल्या मनाने थांबू नये. दोन-तीन दिवसांत हातांना कंप सुटतो, झटके येतात, भास होतात, आणि त्यात जीवही जातो. त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. सोडल्यावर ताट कसे असावे, हे घरच्या माणसांना ठाऊक असले पाहिजे. यकृत दुखावलेल्याला डाळ, अंडी, दूध बंद करावे असा पूर्वीचा प्रघात होता. आता तसे मानीत नाहीत. प्रथिने उलट थोडी जास्तच लागतात. एकदम मोठे जेवण जात नाही, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे, आणि रात्री निजण्यापूर्वी दूध-भाकरीसारखे काही अवश्य द्यावे, नाहीतर रात्रीच्या लांबलचक उपासात शरीर पुन्हा स्नायू मोडू लागते. पोटात किंवा पायांत पाणी असेल तर लोणचे, पापड आणि वरचे मीठ बंद. डॉक्टरांनी दिलेली थायमिनची गोळी बरे वाटू लागले म्हणून सोडू नये. पहिले काही आठवडे गोड खाण्याची विलक्षण इच्छा होते, त्यात घाबरण्याजोगे काही नाही. गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे द्यावेत.

वजन पाहावयाचे झाले तर आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर पाहावे आणि सोबत दंडाचा घेर दोरीने मोजून ठेवावा. अंगातील पाणी ओसरू लागले की काट्यावरील आकडा प्रथम खाली येतो आणि घरचे घाबरतात. तेव्हा दोरीकडे पाहावे. दंड भरू लागला असेल तर भाकरी अंगी लागत आहे, आणि काही आठवड्यांनी काटाही वर येऊ लागतो.